पाच मिनिटांपूर्वी गेलेली खोली

वर्ध्यात खोल्या फार झपाट्याने जातात, असं नंदसेनाचं ठाम मत होतं. ऐकीव नव्हे, अनुभवाचं. लंकेहून हातमागाचा दोन वर्षांचा कोर्स शिकायला आलेला हा बावीस वर्षांचा पोरगा १९७८ च्या जुलैत आठ दिवस चिखल तुडवत हिंडला आणि चार घरमालकांना भेटला. चारही ठिकाणी खोली रिकामी होती. मालक हसतमुख होते. लंका म्हटल्यावर घरातल्या बायकापोरांना बघायला बाहेर बोलावत होते, महादेवराव नावाच्या एकाने तर रावणाचीही चौकशी केली. मग कोणीतरी जात विचारायचं. हा प्रश्न धर्माचाच असणार असं धरून नंदसेन ताठ उभा राहून 'बौद्ध' म्हणायचा. आणि नेमकं तेव्हाच मालकाला आठवायचं की अरेच्चा, खोली तर पाच मिनिटांपूर्वीच गेली.

संस्थेच्या ऑफिसात त्याने हे सगळं मोडक्या हिंदीत साहेबांना सांगितलं. वर उपायही सुचवला की इतकी मागणी असेल तर गावात आणखी खोल्या बांधायला हव्यात. साहेबांनी टेबलावरचा कागद उलटा केला, मग सुलटा केला. चहाचे कप उचलायला आलेला शिपाई प्रेमदास हे ऐकत होता. तो स्वतः बौद्ध. त्याने कप उचलले आणि संध्याकाळी पिपरी मेघेला घरी गेल्यावर सारं जसंच्या तसं आईला सांगितलं.

सीताबाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. माय हसेल असं प्रेमदासला वाटलं होतं. ती हसली नाही. दोन खडे काढून बाजूला ठेवत म्हणाली, "घेऊन ये त्याले. मागची खोली खालीच आहे. अन् खरं काय ते सांगू नको." परमुलखातून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी आपल्या गावाचा उकिरडा कशाला दाखवायचा, असं तिचं म्हणणं. त्याला गावात गर्दी वाटते ना, मग वाटू दे.

आता सीताबाईच्या घराला एक कायदा होता, आणि तो अख्ख्या वस्तीला ठाऊक होता. भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची. तिसरं कोणी नाही. छपन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तिचा नवरा श्रावण घरातल्या देवांपुढे नुसता बसून राहिला होता. तीन पिढ्यांचे टाक आहेत, पेटीत तरी राहू दे, असं त्याचं चाललं होतं. सीताबाईने टोपली घेतली, देव त्यात भरले, वर फडकं टाकलं आणि एकटी चालत पवनारला जाऊन धाम नदीत सोडून आली. सोडताना त्यांना बजावलं की आता माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. टोपली चांगली होती म्हणून तेवढी परत आणली.

बावीस वर्षांत कोणी आत पाय टाकला नाही. श्रावण गेला तेव्हा नाही, नात तापाने फणफणली तेव्हाही नाही. विहार समितीचे अध्यक्ष लक्ष्मणराव, रेल्वेतून रिटायर झालेले, मोठे कडक गृहस्थ. सभेत कोणाला दटावायचं झालं की ते म्हणायचे, सीताबाईच्या घराकडे पाहा. अशा घरात नंदसेन एक पत्र्याची पेटी आणि एक छत्री घेऊन राहायला आला.

वस्तीला कोण आनंद झाला. यांचा धम्म बावीस वर्षांचा, त्याचा दोन हजार वर्षांचा. लक्ष्मणरावांनी स्वतः हार घातला. पहिल्याच रविवारी त्याला विहारात वंदना म्हणायला बसवलं, तर त्याने ती अशी काही संथ, लांब, नाकात घोळवत म्हटली की आपलंच आजवर चुकत होतं असं वस्तीचं एकमत झालं. पुढच्या रविवारपासून लोक वंदना ओढायला लागले. इकडे नंदसेनाला वस्तीची झटपट चाल फार आवडली होती, आणि इथे असंच म्हणत असतील म्हणून त्याने ती घोकून पाठ केली. त्यामुळे पुढे कित्येक रविवार तो एकटा आधी संपवून हात जोडून बसलेला असे आणि सबंध वस्ती मागून येत असे.

जेवणाचाही असाच घोळ. प्रेमदासची बायको कमला परदेशी पाहुणा म्हणून त्याच्यासाठी बिनतिखटाचं वेगळं शिजवायची. वर्ध्याचे लोक असंच खातात असं समजून तो बिचारा आठ दिवस ते गिळत होता. नवव्या दिवशी त्याने सीताबाईच्या ताटातला मिरचीचा ठेचा बघितला, बोटाने चाखला आणि त्याचा चेहरा गावाकडचं माणूस भेटल्यासारखा फुलला. तेव्हापासून कमलाला ठेचा दुप्पट कुटावा लागला.

मग नारळ. नारळाशिवाय त्याच्या घशाखाली डाळ उतरेना, आणि वर्ध्यात नारळ मिळायचा तो देवळापाशी, हारफुलांच्या दुकानात. हा दर शनिवारी दोन नारळ आणायचा. दुकानदाराने त्याला मोठा भाविक ठरवलं. पहिल्यांदा नारळ घरात आला तेव्हा सीताबाई कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहिली. बावीस वर्षांत तिच्या घरात नारळ आला नव्हता. पण पोराने तो सरळ फोडला, खवला आणि डाळीत ढकलला. कुठे हळद नाही, कुंकू नाही. तिने पाहिलं आणि बाजूला झाली. भाजी म्हणून येत असेल तर येऊ दे बापडा.

प्रेमदासने त्याला जयभीम म्हणायला शिकवलं होतं. हा नमस्काराचा शब्द आहे एवढंच त्याला कळलं, म्हणून तो तिकीटबाबूपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना जयभीम म्हणायचा. काही लोक तोंडभर उत्तर द्यायचे, काही घड्याळाकडे बघायचे. वर्ध्यात लोकांना वेळेची फार काळजी, असं त्याने आईला पत्रात लिहिलं. सहा महिन्यांत तो सीताबाईला माय म्हणायला लागला, तिच्यासारखंच वऱ्हाडी बोलायला लागला, आणि ती त्याला प्रेमदासपेक्षा जास्त दटावायला लागली. याहून जास्त माया करायची तिला सवय नव्हती.

एप्रिल आला. परीक्षा आठ-नऊ दिवसांवर, आणि पेपर हिंदीत. नापास झाला की शिष्यवृत्ती बंद आणि मुकाट्याने बोटीत बसायचं. नंदसेनाची झोप उडाली. तो पहाटेच संस्थेत जाऊन बसायचा. अशाच एका सकाळी सीताबाई त्याची खोली सारवायला गेली. तिने पेटी भिंतीपासून ओढली आणि पेटीमागे तिला गणपती दिसला.

अंगठ्याएवढा, पितळेचा, बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात बसवलेला. पुढे मोगऱ्याचं ताजं फूल. आपल्या वेलीची फुलं रोज सकाळी कोण तोडतं, हे महिनाभर तिला कळत नव्हतं, ते आता कळलं. ओल्या सारवणात ती तशीच खाली बसली. आधी संताप आला. पोटच्या पोरासारखं घरात घेतलं, ठेचा खाऊ घातला, आणि याने माझ्याच घरात, माझ्याच फुलांनी हा धंदा मांडला. मग संताप उतरला आणि भीती वाटली. आज संध्याकाळी लक्ष्मणराव येणार होते. बुद्धजयंतीला नंदसेनाचं भाषण ठरलं होतं, त्याची बोलणी करायला. गणपती घरात राहिला तर तिचा बावीस वर्षांचा शब्द गेला. पोराला घराबाहेर काढलं तर तो जाणार कुठे? वर्ध्यातल्या सगळ्या खोल्या त्याच्यासाठी पाच मिनिटांपूर्वीच गेलेल्या.

दुपारी तो आला तेव्हा ती तिथेच बसून होती. तिने नुसतं बोट दाखवलं. पोरगं दचकलं नाही की लाजलं नाही. उलट ओळख करून द्यावी तसं म्हणालं, हा गणदेवियो, माझ्या आईने दिला, आमच्याकडे परीक्षेला सगळेच याला सांगतात. सीताबाईने विचारलं की तू बौद्ध ना? तर म्हणे, हो.

"मंग याले काऊन सांगतं? बुद्धाले सांग."

"बुद्ध त सुटून गेले, माय," तो म्हणाला. "त्यायले पेपराचं काऊन सांगाचं? माही आई म्हणते, त्यायले तरास द्याचा नाई. हे असे बारके काम याच्याकडे."

दोन हजार वर्षांचा धम्म तिच्यासमोर उभा राहून हे सांगत होता. सीताबाईने पदराला हात पुसले. मग तिने त्याला समोर बसवलं आणि नऊ महिने झाकून ठेवलेली गोष्ट सांगून टाकली. खोल्या गेल्या नव्हत्या, बाबू. एकही गेली नव्हती. तू बौद्ध म्हणलास आणि त्यांना कळलं की तू आमच्यातला. मग तिने लहानपणचं सांगितलं. मायबरोबर देवळाबाहेर चैताच्या उन्हात उभं राहायचं, पुजाऱ्याचं लक्ष जाईल तेव्हा जाईल. तो लांबूनच खोबऱ्याचा तुकडा फेकायचा, आणि मातीत पडलेला तुकडा माय डोक्याला लावून तिच्या हातात द्यायची. पाय भाजायचे म्हणून ती एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, तर माय दटावायची की देवापुढे नाचू नये.

"ते देव खरे का खोटे, मी नाई पाह्यलं," सीताबाई म्हणाली. "त्यायच्या दारात आमाले उभं नोते राहू देत. त माह्या दारात ते नाई."

नंदसेनाने बोटांवर चार घरं मोजली. रावणाचं विचारणारा महादेवराव, तोही का, असं त्याने विचारलं. तोही, सीताबाई म्हणाली. त्याचं त्याला फार लागलं, कारण त्या माणसाला त्याने रावणाची बरीच माहिती दिली होती. मग तो उठला, गणपती रुमालात गुंडाळला आणि पवनारचा रस्ता विचारला.

इथे खरं तर सीताबाईचा प्रश्न सुटला होता. देव नदीत, पोरगं घरात, शब्द जागेवर. पण तिला ती दुसरी बाई दिसायला लागली. कधी न बघितलेली, समुद्रापलीकडची. पोराच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली हे एवढंसं पितळ ठेवणारी.

"ठेव खाली," ती म्हणाली. "मी माहे फेकले. दुसरीचे फेकनारी मी कोण?" जरा वेळाने म्हणाली, "घरात नाई, पन. आंगनात बसू दे त्याले. आमी बाहेर बसलो, त्यानंबी बसावं."

अंगणाच्या टोकाला मोगऱ्यापाशी कपडे धुवायचा दगड होता. तिथे, कुंपणाच्या भिंतीला टेकवून, गणपतीची बाहेर सोय झाली. दर्शन घ्यायचं तर नंदसेनाने उंबरा ओलांडून बाहेर जायचं. फुलं वेलीवरून पडलेली उचलायची, तोडायची नाहीत. हे सीताबाईचे नियम.

संध्याकाळी लक्ष्मणराव आले, खाटेवर बसले आणि चहाचा पहिला घोट घेताना त्यांना तो दिसला. कप तसाच हातात राहिला. हे कोणाचं, त्यांनी विचारलं. पोराच्या मायचं, सीताबाई म्हणाली. घरात? घरात नाही, बाहेर, तुम्हाला दिसतंय ना. लक्ष्मणरावांनी चहा संपवला, पण भाषणाचा विषय काढला नाही. निघताना नंदसेनाच्या खांद्यावर हात ठेवून बोलले, आणि आवाज चढवला नाही हेच वाईट होतं. या वस्तीने फार काही सोडलंय, ते म्हणाले, ते असं अंगणात परत येत असेल तर आम्ही कोणाला काय सांगायचं? रविवारी समितीची माणसं घेऊन येतो. पोराला वस्तीत ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरेल.

अंगणातली गोष्ट अंगणात थोडीच राहते. लंकेच्या पोराकडे गणपती आहे ही खबर दूधवाल्याच्या सायकलवरून दोन दिवसांत वर्ध्यात पोचली. सीताबाईने चार दिवस कमलाला विनाकारण बोलून घेतलं. पोरगं बाहेर दगडापाशी उभं राहून हात जोडायचं, आत येऊन हिंदीची वही घोकायचं, आणि ती भिंतीआडून ऐकत राहायची. हे गेलं तर घर खायला उठेल, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

रविवारी दहाच्या सुमारास लक्ष्मणराव दोघांना घेऊन आले. ऊन तेव्हाच मी म्हणत होतं. ते खाटेवर टेकले न टेकले तोच फाटकाशी स्कूटर थांबली आणि महादेवराव उतरले. तेच, रावणाची चौकशी करणारे. ते फाटकातून आत आले, खाटेवरच्या तिघांकडे न बघता सरळ धुण्याच्या दगडापाशी गेले, चपला काढून गणपतीला हात जोडले आणि मग नंदसेनाकडे वळले. मोठा गैरसमज झाला म्हणाले. आधीच सांगायचं नाही का भल्या माणसा, तुम्ही तर आमच्यातलेच निघाले. खोली संस्थेच्या भिंतीला लागून आहे, पंखा आहे, देवासाठी पूर्वेकडे तोंड करून कोनाडा आहे. सामान आजच हलवा.

सीताबाईने रीत म्हणून पाण्याचा गडवा पुढे केला. महादेवराव म्हणाले की आताच चहा घेऊन निघालो. तिच्या दारी येणारे असे लोक नेहमी आताच चहा घेऊन निघालेले असतात. तिने गडवा खाली ठेवला. पोरगं जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण परीक्षा चार दिवसांवर होती आणि तिच्या मागच्या खोलीत पंखा नव्हता, खिडकीही नावालाच होती. इथे तिघं जण त्याला काढायलाच बसले होते. तिने छातीवर दगड ठेवला.

"जाय, बाबू," ती म्हणाली. "पंखा आहे तिथं."

नंदसेनाने महादेवरावांकडे पाहिलं. अगदी हसतमुखाने, चार घरमालकांकडून शिकलेल्या हसतमुखाने.

"तुमी थोडं आंधी याले पाह्यजे होतं," तो म्हणाला. "खोली पाच मिनिटांपूर्वीच घेतली मी. मांगची. इथलीच." आणि हात जोडून म्हणाला, "जयभीम."

महादेवरावांनी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांना कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. स्कूटर तिसऱ्या लाथेला सुरू झाली.

समितीचे दोघे लक्ष्मणरावांच्या तोंडाकडे बघत होते. लक्ष्मणराव खाटेवरून उठले आणि सावकाश दगडाकडे निघाले. आता ते गणपती उचलून भिंतीपलीकडे भिरकावणार हे सगळ्यांना दिसत होतं. नंदसेनाने जागचं हलायचं नाही असं ठरवलेलं त्याच्या मानेवरून कळत होतं. लक्ष्मणरावांनी वाकून गणपतीला बोट लावलं, आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. खरंच चटका बसला होता. बोटावर फुंकर घालत ते तसेच वाकून उभे राहिले. आयुष्यभर कडक राहिलेला माणूस, पण लहानपणी तोही कुठल्यातरी देवळाबाहेर उभा होताच.

"लय तापलं हे, वयनी," ते शेवटी म्हणाले.

सीताबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टोपली होती, पवनारहून रिकामी परत आणलेली. बावीस वर्षं तिच्यात शेंगा असायच्या. कडा सुटल्या होत्या, बूड सुतळीने शिवलेलं होतं. तिने ती दगडावर उपडी घातली, गणपती आत, आणि एका बाजूने खापराचा तुकडा लावून जरा उचलून ठेवली, वारा लागावा म्हणून.

"देव म्हनून नाई," ती लक्ष्मणरावांना म्हणाली. "कोनी का असना. उन्हात बसवू नाई कोनाले. मी उभी राह्यली आहो, मले माहीत आहे." तिने टोपलीची सुटलेली कड आत खोचली. "अन् घरात नाई घेतलं मी. ध्यानात ठेवजा."

"नाई घेतलं," लक्ष्मणराव म्हणाले. "मी पाह्यलं."

ते खाटेवर परत येऊन बसले आणि डाव्या हाताने खिशातून कागद काढला, कारण उजव्या हाताचं बोट अजून चुरचुरत होतं. नंदसेनाला त्यांनी भाषण दहा मिनिटांत आटपायला सांगितलं, वंदनेसारखं ओढू नको म्हणाले. कमलाने पाणी आणलं. सगळे प्यायले.